सोडलेली मोरकी

पिराजी एंगडे उदगीरच्या गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून लागला तेव्हा उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आता लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. दारावरची पाटी बदलली होती, शिक्का बदलला होता. पिराजी तेवढा होता तिथंच होता. अठ्ठावीस वर्षांत त्यानं अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या, बैलांची शिंगं कापली होती, पिसाळलेलं कुत्रं चावलेली वासरं छातीशी दाबून धरली होती. त्याच्या हातातून जनावर सुटलंय असं कुणी पाहिलं नव्हतं. मारका बैल घेऊन येणारा शेतकरी डॉक्टरांची चौकशी नंतर करायचा, आधी विचारायचा, "पिराजीमामा हायत न्हवं?"

असा हा माणूस शहाऐंशी सालच्या एप्रिलात कमरेएवढ्या उंचीच्या एका घोड्याला भ्याला.

तसे घोडे पाच होते. देगलूरच्या रस्त्याला जिनिंगचं एक बंद पडलेलं आवार होतं, तिथं ते बांधलेले होते. जत्रांमधून फिरणारी एक लहानशी सर्कस त्या वर्षी उदगीरला येऊन मोडली. दुसरं दुष्काळी वर्ष. प्यायला पाणी नाही तिथं खेळ कोण बघणार? तंबू गेला, माणसं पांगली, आणि मालक 'चारा बघून येतो' म्हणून पौषात गेला तो गेलाच. मागं राहिले ते हे ठेंगणे घोडे आणि त्यांना खेळ शिकवणारी लक्ष्मम्मा. ही बाई निजामाबादकडची, चाळिशी उलटलेली. मूळचे घोडे सात, म्हणून तिनं त्यांना वारांची नावं दिली होती. त्यातला गुरुवार माघात मेला आणि शनिवार शिमग्याच्या आधी. मग शेजारच्या वस्तीनं वासाची तक्रार केली, आणि तहसीलमधून दवाखान्याला कागद आला की जनावरांची तपासणी करून अहवाल द्यावा.

डॉक्टर सिद्धराम बिराजदार सव्वीस वर्षांचे होते. निलंग्याकडचे, परभणीला शिकलेले, नोकरीला लागून चार महिने झालेले. सकाळी नऊलाच ऊन चटका देत होतं. आवाराचं लोखंडी दार लक्ष्मम्मानं उघडलं आणि ती बाजूला उभी राहिली. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"किती दिवसांत खरारा केला नाही यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरारा करायला अंगावर मास पायजे, सायेब. हाडावर कसा करू?" ती म्हणाली. तिच्या मराठीत तेलुगूचा हेल होता.

खोटं नव्हतं. बरगड्या लांबूनच मोजता येत होत्या. खूर कुणी कापलेच नव्हते. ते वाढून मोजडीच्या चोचीसारखे वर वळले होते, आणि बिचारी जनावरं टाचांवर तोल सावरत उभी होती. डॉक्टरांनी मानेवरच्या कातडीला चिमटा घेऊन सोडला, तर कातडी तशीच उभी राहिली. पाणीच नव्हतं अंगात. त्यांनी एकेकाच्या हिरड्या पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं, फितीनं छातीचा घेर मोजला, वहीत लिहिलं. सोम, बुध, शुक्री, रवी झाले. उपासमार, उवा, वाढलेले खूर, झिजून धारदार झालेल्या दाढा. पिराजी सवयीनं मोरकी धरत होता, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवतीची ती दोरी, आणि डॉक्टर म्हणतील तसं डोकं वळवत होता.

शेवटी मंगळ्या आला. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. पिराजीनं त्याची मोरकी धरली आणि त्याचं नाक पाहिलं.

डाव्या नाकपुडीतून पिवळट, चिकट शेंबूड गळत होता. तो नाकपुडीच्या कडेला मधासारखा चिकटून बसला होता आणि त्यात रक्ताची एक बारीक दोरी होती. पिराजीची नजर आपोआप खाली गेली. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला गाठी होत्या, एका शिरेवर ओवल्यासारख्या, मांडीपासून गुडघ्यापर्यंत. त्यातली एक फुटून घट्ट तेलासारखं काहीतरी ओघळलं होतं.

पंचेचाळीस वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं. पण डोळ्यांना ते पाहताक्षणी कळलं.

"मामा, डोकं वर धरा. दाढा बघू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी उघडा हात मंगळ्याच्या जबड्यात घातला. घोडा खोकला. त्याचा ऊन, ओला श्वास पिराजीच्या मनगटावर आला.

आणि पिराजीनं मोरकी सोडली.

घोड्यानं मान झटकली. दाढांच्या सुरीसारख्या कडेनं डॉक्टरांचा तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फाटला. रक्त धुळीत टपटपलं.

"सुटली का हो?" डॉक्टर हात दाबत म्हणाले.

"सुटली, सायेब," पिराजी म्हणाला.

डॉक्टरांनी जखम लाल औषधानं धुतली, आयोडीन लावलं, रुमाल बांधला. वर पिराजीलाच धीर दिला, "होतं कधीकधी." आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "याला गळ्याची गाठ दिसतेय. घोड्यांना होते. पिकून फुटली की मोकळा होईल."

तेव्हा सांगता आलं असतं. पिराजीनं तोंड उघडलंही, आणि मिटलं. त्यानं औषधांची पेटी उचलली आणि तो डॉक्टरांच्या मागं चालू लागला. चालताना स्वतःचे हात त्यानं अंगापासून लांब धरले होते.

घरी आल्यावर तो चुलीपाशी गेला नाही, खाटेवर टेकला नाही. अंगणात दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या. टँकर परवा येणार होता. तेवढ्यावर दोन दिवस काढायचे होते. पिराजीनं साबणाची वडी घेतली आणि पहिली घागर हातांवर ओतली. मग दुसरी. मनगटं, कोपरं, तोंड, पुन्हा मनगटं. पंचफुला दारात येऊन बघतच राहिली.

"अवं, काय करायलात? प्यायचं पाणी हाय ते."

तो थांबला नाही. घागर रिकामी झाली तेव्हा तिच्या तळाशी राहिलेला पेलाभरही त्यानं बोटांवर निथळला. मग तो ओल्या मातीत बसला आणि त्याचे दात वाजायला लागले, भर एप्रिलात.

पंचफुलानं वाद घातला नाही. तिनं शेजारून तांब्याभर पाणी उसनं आणलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आता बोला."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. पिराजीचा बाप दगडोबा लहानपणीच गेला एवढं तिला माहीत होतं. कसा गेला ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. निजामाच्या काळात दगडोबा देगलूरकडं एका जहागीरदाराच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांची लीद काढायची, खरारा करायचा, निजायचंही तिथंच. एका साली पागेत शेंबा आला. नाकं गळायला लागली, पायांवर गाठी फुटायला लागल्या. जहागीरदारानं बावीस घोडे एका दिवसात गोळ्या घालून मारले आणि खड्ड्यात जाळले. त्यानंतर तीन आठवड्यांनी दगडोबाला ताप आला. मग त्याच्या दंडावर गाठ आली. मग नाक.

"माणसाला बी होतो?" पंचफुलानं विचारलं.

"होतो. गावाबाहेर झोपडीत ठिवलं त्याला. आई दारातून भाकर सरकवायची. मला दहावं साल. एक दिवस आई रानात गेलती. मी फटीतनं बघत हुतो. त्यानं वळखलं. म्हणला, पिऱ्या, पाणी दे रं." पिराजी थांबला. "मी पळून गेलो."

मग पंचफुला म्हणाली, "डॉक्टरला सांगितलं का हे?"

"न्हाई."

"का?"

"सांगितलं तर फिरून तिथं जावं लागंल. धरायचं काम माझंच की."

पंचफुलानं रिकाम्या घागरी उचलून उंबऱ्याला लावल्या. "त्या पोराची आई निलंग्याला बसली आसंल," ती म्हणाली. "तिला वाटत आसंल, लेक सायेब झाला."

पिराजी उठला. ऊन उतरत होतं.

डॉक्टर चौबाऱ्याजवळ एका खोलीत राहत. पिराजी पोचला तेव्हा ते डाव्या हातानं स्टोव्हवरचा भात ढवळत होते. उजवा हात पट्टीत होता आणि बोटं जरा सुजली होती. पिराजी उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि तिथूनच त्यानं सगळं सांगितलं. पागा, बावीस घोडे, बाप.

डॉक्टरांनी स्टोव्ह बंद केला. कपाटातून कॉलेजचं जाड पुस्तक काढलं. त्यात या रोगाला दीड पान होतं; परीक्षेला कधी विचारत नाहीत म्हणून त्यांनी ते वाचलंच नव्हतं. आता वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना पिराजीला दिसला.

"ग्लँडर्स," ते म्हणाले. मग पुस्तकातलं वाचून दाखवल्यासारखं, सपाट आवाजात, "माणसाला जखमेतून होतो. बहुतेक वेळा..." पुढचं त्यांनी वाचलं नाही.

त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला, तो आपला नसल्यासारखा. थोड्या वेळानं मान वर न करता विचारलं, "मामा, मोरकी सुटली होती का सोडली होती?"

खोटं बोलण्याची वाट अजून मोकळी होती. पिराजीनं ती पाहिलीही.

"सोडली, सायेब. भ्यालो मी."

रस्त्यावरून कुणीतरी घागरींची हातगाडी खडखडत नेत होतं, तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं तसेच होते. मग डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी मला तुम्ही लागाल. याल का?"

"येतो," पिराजी म्हणाला, आणि वाटेत दोनदा थांबून त्यानं विचार केला की आपण हे का कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लातूरला फोन लावला. हा रोग आहे की नाही हे सांगणारं औषध पुण्याहून यायचं होतं, थर्मासात बर्फ घालून, हातोहात. त्याला तीन दिवस लागणार होते. तोवर आवाराचं दार बंद. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. मंगळ्याला वेगळ्या कोपऱ्यात बांधलं, सगळीकडं चुना मारला. पाण्याची बादली प्रत्येकाची वेगळी केली. डॉक्टर पुस्तकात होत्या त्या सल्फाच्या गोळ्या स्वतःच घ्यायला लागले. लक्ष्मम्माला त्यांनी सांगितलं की चाचणी करायची आहे. चाचणीत वाईट निघालं तर काय, हे तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. कायद्यानं जिवंत ठेवता येत नाही.

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं पिराजीला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला तो आवाराकडं गेला, आणि बरं झालं गेला. पाचही घोडे सोडलेले होते. लक्ष्मम्मानं त्यांना एका दोरीत ओवलं होतं, बोचकं काखेत होतं, आणि ती दाराची कडी काढत होती.

पिराजीनं बाहेरून दार दाबून धरलं. "कुठं निघालीस?"

"पाण्यावर. मग घरला. माझ्या भावाकडं कालव्याचं पाणी हाय. सोड अन्ना, दार सोड."

पाण्यावर म्हणजे तळ्याकाठच्या टँकरवर. तिथं या वेळेला अर्ध्या गावाची गुरं येत, टांग्याची घोडी येत, घागरी घेऊन बायका बसलेल्या असत. पिराजीच्या डोळ्यांपुढं ते सगळं आलं. पंचफुलाही आज तिथंच होती.

"न्हाई सोडत."

"सरकारी मानूस येतो, सुई मारतो, माझी बिड्डा मरतात," ती दाराच्या सळ्या धरून म्हणाली. "पंधरा वर्सं झाली. मला लेकरू नाही, अन्ना. हीच लेकरं."

"मरंल एखादं. मी खोटं सांगत न्हाई," पिराजी म्हणाला. आणि सळ्यांच्या अलीकडून, पलीकडं मंगळ्याचं गळतं नाक दोन हातांवर असताना, त्यानं तिला बापाची गोष्ट सांगितली. चार दिवसांत तिसऱ्यांदा. या वेळी त्यानं दंडावरची गाठ कुठं आली तेही सांगितलं, आणि मरायला किती दिवस लागले तेही.

लक्ष्मम्मा ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात मंगळ्याच्या मानेवरून निघाला आणि तिनं तो स्वतःच्या लुगड्याला पुसला. पुसला हे तिच्याही लक्षात आलं.

"थंडीत मी त्याच्या पोटाला टेकून झोपले," ती म्हणाली. "मला बी होईल?"

"ठाव न्हाई. मला बी ठाव न्हाई, तुला बी न्हाई, डॉक्टरला बी न्हाई."

ती खाली बसली. घोडे तिच्याभोवती उभे राहिले. उजाडल्यावर तिनंच उठून एकेकाला जागच्या जागी बांधलं. मंगळ्याला बांधतानाही तिनं तोंड वळवलं नाही.

औषध त्याच दुपारी आलं. चाचणी अशी होती की डोळ्याच्या खालच्या पापणीत सुईनं थेंबभर औषध टोचायचं आणि अठ्ठेचाळीस तास थांबायचं. रोग असला तर डोळा सुजतो. पापणीत टोचायचं म्हणजे डोकं तसूभरही हलता कामा नये. रबरी हातमोज्यांचा एकच धड जोड दवाखान्यात होता. डॉक्टरांनी तो पिराजीपुढं धरला.

"तुमच्याकडं?" पिराजीनं विचारलं.

"माझ्या हाताचं जे व्हायचं ते झालंय," डॉक्टर म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

चौघांचं झालं. मंगळ्याच्या वेळेला पिराजीनं तोंडावर फडकं बांधलं, मोरकी दोन वेढे देऊन मुठीत घेतली आणि त्याचं डोकं छातीशी ओढलं. घोड्याच्या कपाळाचं हाड त्याच्या बरगडीला लागत होतं. तो ओला श्वास सदऱ्यातून पोटाला जाणवत होता. पिराजीचे हात हलले नाहीत. सुई आत गेली, बाहेर आली.

"झालं, मामा. सोडा आता."

सोडायला त्याला जरा वेळ लागला.

ते दोन दिवस दवाखान्यात बैल आले, शेळ्या आल्या, चारा छावणीतल्या गाई आल्या. डॉक्टर डाव्या हातानं लिहीत होते. ते मधेच काखेत बोट घालून चाचपून बघत, गाठ आलीय का. पिराजी दर तासाला नाक शिंकरून रुमाल उजेडात धरत होता. दोघांनी एकमेकांना असं करताना पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नाहीसं केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोमाचा डोळा स्वच्छ होता. बुधाचाही. शुक्रीनं आणि रवीनं तर दार वाजताच खाण्यासाठी मान वर केली. कोपऱ्यातल्या मंगळ्याचा उजवा डोळा सुजून पूर्ण मिटला होता आणि कडेनं पू वाहत होता. लक्ष्मम्मा त्यांच्या आधीच ते बघून बसली होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

आवाराच्या मागं नगरपालिकेच्या माणसांनी पुरुषभर खोल खड्डा खणला. चुन्याची पोती आली, पंच आले. मुकादम पिराजीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एंगडे, तुमच्या वस्तीतली दोन माणसं बोलवा की. मेल्यावर ओढून आणायला."

"छप्पन साली सोडलं ते आमी," पिराजी म्हणाला. आवाज चढवला नाही. "ओढायची येळच येऊ देत न्हाई. त्येला चालत नेतो."

मोजडीसारखे खूर टपटपवत मंगळ्या खड्ड्यापर्यंत गेला. पुढं लक्ष्मम्मा चालत होती, आणि तो तिच्या मागं निमूट गेला, पंधरा वर्षं रिंगणात जायचा तसा. खड्ड्याच्या कडेला तिनं त्याच्या कानात तेलुगूत काहीतरी सांगितलं, पाठ फिरवली आणि मागं न बघता आवारात निघून गेली. मोरकी पिराजीनं धरली. डॉक्टरांनी सुई दिली, आणि घोडा गुडघ्यात मुडपत खाली बसला, मग कलंडला. पिराजीनं दोरी तोवर सोडली नाही.

हात फाटल्याच्या आठव्या दिवशी डॉक्टरांना ताप भरला.

पिराजी सकाळी खोलीवर गेला तेव्हा ते अंथरुणात कुडकुडत होते आणि जखमेपासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती. त्यानं पंचफुलाला निरोप धाडला आणि मुखेडमार्गे नांदेडला जाणारी एसटी पकडली, कारण मोठा दवाखाना तिथं होता. मागच्या बाकावर दोघं बसले. वाटेत डॉक्टरांची मान पिराजीच्या खांद्यावर कलली आणि त्यांचा तापलेला श्वास त्याच्या गळ्याला लागायला लागला. पिराजीचं सगळं अंग आकसलं. उतरून पळावं असं इतकं वाटलं की त्यानं समोरच्या बाकाची दांडी धरून ठेवली.

मुखेडच्या स्टँडवर गाडी थांबली. डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "मामा, पाणी."

पाण्याचा नळ कोरडा होता. पिराजीनं हॉटेलवाल्यापुढं हात जोडून पेलाभर पाणी मागून घेतलं. डॉक्टरांना पेला धरता येईना, तेव्हा एका हातानं त्यांचं डोकं धरून दुसऱ्या हातानं त्यानं त्यांना घोट घोट पाजलं. ओठांवरून ओघळलेलं बोटानं पुसलं. गाडी सुटल्यावर त्यानं ते बोट धोतराला पुसायला घेतलं, आणि मग राहू दिलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी असला रोगी कधी पाहिला नव्हता. त्यांनी जखमेतला पू तपासायला लांब पाठवला, सल्फाच्या जोडीला सुया चालू केल्या आणि रोग्याला कोपऱ्यातल्या खोलीत एकटं ठेवलं. निलंग्याहून आई आली. तिला दारातून बोलायला सांगितलं होतं, पण ती आत जाऊन बसली. पिराजी व्हरांड्यात होता. अकरा दिवस ताप चढ-उतार करत राहिला. बाराव्या दिवशी उतरला तो परत चढला नाही. तपासणीचा कागद महिन्यानं आला, त्यात लिहिलं होतं, वाढ नाही. म्हणजे रोग नव्हताच, का गोळ्यांनी आधीच मारला होता, का नमुना वाटेतल्या उन्हात खराब झाला, ते कुणालाच सांगता आलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटेनाशी झाली ती मात्र कायमची.

कामावर येताना जखमेचा खुलासा लिहून द्यायचा होता. 'घोड्याने मान झटकल्यामुळे' एवढंच डॉक्टरांनी लिहिलं. पिराजीनं ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, माझं बी लिवा की त्यात."

"तुम्ही त्याला दोनदा धरलंत मामा, मला एकदा, आणि सोडलंत एकदाच. एवढं सगळं लिहायला कागदावर जागा कुठाय?" डॉक्टरांनी सही केली.

उरलेल्या चौघांची चाचणी आणखी दोनदा झाली. दोन्ही वेळा डोळे स्वच्छ राहिले. मधल्या काळात छावणीतून कडबा मिळाला, दाढा कानशीनं घासल्या गेल्या, आणि दर तीन आठवड्यांनी थोडे थोडे करून खूर कापून पूर्वपदावर आले. लक्ष्मम्माला ताप आला नाही, पिराजीलाही नाही. तरी भाद्रपदापर्यंत तो रोज सकाळी आरशात नाकपुड्या बघत होता, आणि पंचफुला त्याच्यासाठी आरसा उजेडात लटकवून ठेवत होती.

मालक आलाच नाही. पंचनाम्यानंतर तहसीलनं घोडे लक्ष्मम्माच्याच स्वाधीन केले. ती भावाकडं निघाली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पडत मात्र काही नव्हतं. पिराजी देगलूरच्या रस्त्याला तिला पोचवायला गेला. सोम, बुध, रवी पुढं लागले. शुक्री मागं वळली, पिराजीपाशी आली आणि खायला आहे का बघत तिनं ओलं नाक त्याच्या सदऱ्याला लावलं.

पिराजी झटकन दोन पावलं मागं सरला.

लक्ष्मम्मानं ते पाहिलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. "अन्ना, अजून भितो?"

"भितो की," पिराजी म्हणाला, आणि हात पुढं करून त्यानं शुक्रीची मोरकी तिच्या हातात दिली.